परतीचं इंधन

"विमान उडत का नाही?" उधाणसेन महाराज गरजले.

महाराजांना चंद्रावर झेंडा रोवायचा होता. हट्ट म्हणजे हट्ट! शोभेचे बाण करणाऱ्या येसाप्पा जिनगराने तांब्याचं विमान घडवलं, बुडाला दारूचं इंजीन बसवलं आणि वात पेटवली. धूर झाला, दणका झाला, राजवाड्यातली सगळी कबुतरं उडाली. विमान तेवढं जागेवरच!

"महाराज, जायचं इंधन, यायचं इंधन, अन् ते इंधन उचलायला आणखी इंधन," येसाप्पा हात जोडून म्हणाला. "गाडीत कडबाच एवढा भरलाय, की बैलाला गाडी ओढवेना!"

"मग परतीचं काढून टाक!"

"मग बसणारा परत कसा येणार?"

"परत ये म्हणतंय कोण? उद्या सकाळी तूच बस!"

येसाप्पाच्या पायांखालची जमीनच सरकली. हे त्याच्या लेकीच्या, भिवराच्याही कानावर गेलं. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे.

सकाळी अख्खं गाव मैदानात लोटलं. शिपायांनी येसाप्पाला विमानात बांधलं. तेवढ्यात भिवरा औक्षणाचं ताट घेऊन आली आणि बापाकडे न बघता थेट महाराजांना ओवाळू लागली.

"मला कशाला ओवाळतेस गं?"

"प्रवासाला निघालात ना, महाराज!"

"मी? तुझा बाप निघालाय!"

"असं कसं? नव्या विहिरीचं पहिलं पाणी महाराजांचं. नव्या झोपाळ्याचा पहिला झोका महाराजांचा. तुमच्याआधी आमरस चाखला म्हणून आचारी अजून कोठडीत आहे. अन् चंद्रावर पहिलं पाऊल आमच्या आप्पांचं? मग त्या आचाऱ्यानंच काय घोडं मारलं होतं?"

"खरंच की!" गर्दीतून आवाज आला.

महाराजांनी विमानाकडे पाहिलं. त्यांना दरदरून घाम फुटला.

"परतीचं इंधन... थोडं तरी ठेवलंय ना?"

"आपणच काढायला लावलंत!" भिवरा म्हणाली. "बसा, वात तयार आहे."

"आणि एवढ्यापुरता रिवाज मोडला तर?"

"खुशाल मोडा! पण पहिलं पाऊल ज्याचं, जागा त्याची, असा कायदा आपलाच आहे. चंद्र जिनगरांचा झाला, तर पौर्णिमेला गच्चीवर बसायच्या आधी आमची परवानगी काढावी लागेल, महाराज!"

महाराज असे हसले, की मुकुट घरंगळून औक्षणाच्या ताटात पडला!

"सोडा रे येसाप्पाला! आणि तू, पोरी, काय हवं ते माग!"

"आचाऱ्यालाही सोडा. आंबे पिकलेत, रस कोण काढणार?"

दुपारी राजवाड्यात पंगत बसली. आमरसाची पहिली वाटी महाराजांनी स्वतःच्या हातानं भिवराच्या पानात ठेवली.