राजाच्या पोटातला निरोप्या

एका राज्यात, जिथे पाखरं बोलत आणि माणसं राजापुढे गप्प बसत, उग्रबाहू राजाला गोडाचं वेड लागलं. सकाळी जिलबी, दुपारी बासुंदी, दिवेलागणीला नुसती खडीसाखर. पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. पौर्णिमेपर्यंत हे थांबलं नाही तर महाराज हाती लागत नाहीत, असं राजवैद्यांनी राजकन्या इंदुलेखेला सांगितलं. बापावाचून तिला दुसरं कुणी नव्हतं. ती हबकलीच.

सगळ्यांनी बिचाऱ्या जिभेला दोष दिला. इंदुलेखेनं जिभेवर मंतरलेला लेप दिला. चव गेली, तरी राजानं साखर मागितली. डोळे बांधले, तरी मागितली. नाकात बोळे घातले, तरी मागितलीच. चव नाही, रंग नाही, वास नाही, आणि राजा वाटी चाटतोय! मग मागतंय तरी कोण?

तिनं सगळे उपाय उतरवले आणि वडावरच्या म्हाताऱ्या धनेश पक्ष्याला गाठलं.

"मागणं पोटातून येतं, राजकन्ये," धनेश म्हणाला. "पोटातून डोक्याकडे एक वाट जाते. तिच्यावर दोन निरोपे धावतात. एक सांगतो 'आण', दुसरा सांगतो 'पुरे'. दुसरा कालकंठ जादूगाराच्या कुपीत कोंडला आहे."

ती तरातरा कालकंठाकडे गेली. त्यानं राजमुद्रेचा ताम्रपट पुढे केला. त्या राज्यात आग्रहाचं भारी प्रस्थ. सात महिन्यांपूर्वी एका पाहुण्या राजानं पानावर हात आडवा धरून 'पुरे' म्हटलं, तो अपमान उग्रबाहूला झोंबला. हा शब्द माझ्या राज्यात कुणी काढू नये, काढील त्याची जीभ छाटावी, असं त्यानं फर्मावलं.

"आज्ञा सर्वांना होती," कालकंठ म्हणाला. "महाराजांच्या पोटालाही. मी अंमल केला. आता तो शब्द त्यांच्याच तोंडून आला, तरच कुपी फुटेल."

इंदुलेखेनं ओळखलं, बापाला हे समजवायचं, तर शब्द उच्चारणं आलंच.

पौर्णिमेच्या दुपारी ती भर पंगतीत उभी राहिली.

"तात, पुरे."

वाढप्यांचे हात जागीच थिजले. बोलावल्याशिवाय जल्लाद पुढे आला, कारण ताम्रपट तसंच सांगत होता. त्यानं चिमट्यात राजकन्येची जीभ धरली. राजानं ते पाहिलं आणि त्याचा हात बासुंदीच्या वाटीकडे गेला. एक घोट घेतला. सुरी वर उठली.

तेव्हा तोंडातला घोट थुंकून राजा ओरडला, "पुरे!"

कालकंठाच्या कुपीचे तुकडे झाले. निळ्या माशीएवढा निरोप्या भिरभिरत राजाच्या तोंडात शिरला. सात महिन्यांत पहिल्यांदा राजाला पोट भरल्याचं कळलं. ताम्रपट वितळवला गेला, लेक वाचली, राजाही वाचला, राज्याची घडी बसली.

राजाला मात्र आपल्या उजव्या हाताकडे बघवेना. लेकीच्या जिभेवर सुरी उगारली जात असताना तो हात आधी वाटीकडे गेला होता.