तीन बंदुका आणि कोंबडीचा प्रश्न

बंदुका बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. माळावरच्या येसबाच्या कोंबड्या एक कोल्हा पळवायचा आणि मग लांबच्या टेकाडावर ऐटीत बसायचा. त्याला टिपायला कोणती बंदूक घ्यावी, हे येसबाला ठरवता येईना. भिंतीवर तिघी बहिणी टांगलेल्या होत्या.

थोरली म्हणाली, "मला घ्या. माझी गोळी जाडजूड, वाऱ्याला दाद देत नाही."

"ती पोचेपर्यंत कोल्हा उठून जाईल," मधली म्हणाली. "माझी बारीक आहे, पण वेग बघा."

उंबऱ्यात एक कोंबडी बसली होती. तिची दोन पिल्लं त्याच कोल्ह्याने नेली होती. तिने विचारलं, "नेम चुकला तर गोळी कुठे जाते?"

"जाईल पुढे कुठेतरी," थोरली म्हणाली.

"पुढे मेंढपाळांची पालं आहेत. त्यांची पोरं तिथे खेळतात."

तेव्हा धाकटी म्हणाली, "माझी गोळी एवढी लांब जातच नाही. कोल्हा अंगणाखालच्या बांधाशी आला, तर चुकली तरी मातीत रुतेल. पण तो इतक्या जवळ येईल कशाला?"

कोंबडी उठली, पंख झटकले आणि बांधाशी जाऊन बसली.

"माझ्यासाठी येईल," ती म्हणाली. "येसबा, तुम्ही हात तेवढा स्थिर ठेवा."

येसबाने धाकटीला भिंतीवरून उतरवलं.

सांजेला एकच बार ऐकू आला. काय झालं ते बघायला पालांवरची पोरं धावत आली, तेव्हा कोंबडी बांधावर दाणे टिपत होती.