रावसाहेबांची सही

रावसाहेब हिंगमिऱ्यांनी आपली जुनी जीप हौसाबाई डगळेला विकली, पैसेही घेतले. पण गाडी तिच्या नावावर करायच्या कागदांवर सही काही करेनात.

"अगं, माझा शब्द म्हणजेच कागद! आख्खा तालुका ती जीप माझी म्हणूनच ओळखतो," ते ऐटीत म्हणाले.

"मग बरंच झालं," हौसाबाई म्हणाली. "निवडणुकीत तुमच्याविरुद्ध उभे असलेले भास्करराव प्रचाराला जीप मागतायत. उद्यापासून त्यांचा झेंडा लावून गावोगाव फिरवते. कुणी विचारलं, तर गाडी रावसाहेबांचीच म्हणून कागद दाखवीन."

रावसाहेबांनी घाईघाईनं खिशातलं पेन काढलं. "कुठं कुठं सही करायची?"

कागद पिशवीत घालून हौसाबाई खुशीत जीप घेऊन निघाली. भास्कररावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.