यमुनेने उताणी केलेली कवडी

नदीकाठच्या एका गावात यमुना नावाची एक कासारीण होती. नवरा वारलेला, गोजी नावाची एकुलती एक लेक. गावात शाळा नव्हती. पोरीला शिकवा म्हणून यमुनेने कुणापुढे हात पसरले नाहीत. जुन्या लुगड्यावर दोऱ्याने घरं पाडून तिने सारीपाट केला, लाखेच्या सोंगट्या वळल्या, सहा कवड्या घेतल्या आणि रोज दुपारी लेकीला समोर बसवलं.

जितक्या कवड्या उताण्या पडतील, तितकी घरं सोंगटी पुढे न्यायची. खेळता खेळता गोजी मोजायला शिकली, बेरीज शिकली, कोणती सोंगटी काढायची नि कोणती राखायची ते शिकली. शेजारीण म्हणायची, "यमुने, पोरीला शहाणी करतेस की जुगारी?"

यमुना म्हणायची, "तुझा लेक घरी बसून पाढे घोकतो नि बाजारात बोटं मोजतो. आधी त्याचं बघ."

पण यमुनेचं एक चुकत होतं. गोजी हरायला लागली की रडवेली व्हायची, आणि ते आईला बघवायचं नाही. मग लेकीच्या दानातली एखादी पालथी कवडी ती बोटाने हळूच उताणी करायची. गोजी जिंकायची, टाळ्या पिटायची. पोरीला काही दिसत नाही, असं आईला वाटायचं. पोरांना सगळं दिसतं!

शेजारच्या वाडीत तान्हाक्का झाडपाल्याची औषधं द्यायची. ती आता थकली होती. आपली विद्या द्यायला तिला हुशार पोर हवी होती. यमुना गोजीला घेऊन गेली. तान्हाक्काने ठेवून घेतलं, तर पोरीला जन्मभर बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन दारोदार हिंडावं लागणार नव्हतं.

"पटावर शिकवलीस म्हणे," तान्हाक्का म्हणाली. "मग मांड पट."

गोजी झकास खेळली. म्हातारी मनातून खूश झाली. पण शेवटी दान एकाने कमी पडलं. गोजीचं बोट पुढे सरकलं आणि पालथी कवडी उताणी झाली.

तान्हाक्काने तिचं मनगट धरलं. "हे कुठे शिकलीस गं?"

गोजीने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आईचं नाव काही तिने घेतलं नाही.

'लहान आहे, चुकली,' हे शब्द यमुनेच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "अक्का, ती खोड माझी आहे. मीच लावली."

तान्हाक्काने मनगट सोडलं. "इथे औषधाची मुळी चिमूटभर जास्त पडली, तर माणूस जातो. गेलेला माणूस असा बोटाने उलटवून परत आणता येत नाही. घेऊन जा पोरीला. हरता आलं, की आण."

घरी येताच यमुनेने पट मांडला. त्या दिवशी गोजी हरली. हमसाहमशी रडली. पट उधळून दिला. यमुनेचं काळीज तुटत होतं, पण ती जागची हलली नाही. "रडून झालं, की सोंगट्या उचल," एवढंच म्हणाली.

बऱ्याच वेळाने गोजीने नाक पुसलं. एकेक सोंगटी वेचता वेचता ती थांबली. "आई, तुझी लाल सोंगटी मी आधीच मारायला हवी होती ना?"

"हो," यमुना म्हणाली. "तिथेच चुकलीस."

तात्पर्य: लेकराला खेळातून शिकवायला बसाल, तर त्याला हरूही द्या. मोठी माणसं खोटं खेळली, तर लेकरू आधी तेच उचलतं.