वैद्यराजांची सनद आणि धुरपदाची अंडी

धुरपदाला शिपायांनी पकडलं ते ऐन गुन्हा करताना. मुठीत अंडं, एक डोळा मिटलेला, आणि कौलाच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप बरोबर अंड्यावर. अंडं ताजं आहे, नासलंय की आत पिल्लू धरलंय, हे ती पाहत होती. तिची आई असंच पाहायची, आजीही असंच पाहायची. त्या दोघी सुटल्या, कारण त्यांच्या काळात तुळाजीराव वैद्य नव्हते.

तुळाजीराव हे सोनकुंडच्या भुजंगराव महाराजांचे राजवैद्य. त्यांनी पितळेची एक पेटी घडवली होती. आत दिवा, समोर एक भोक, आणि वाऱ्यानं ज्योत हलू नये म्हणून अभ्रकाचं झाकण. भोकावर हात ठेवला की बोटं लालेलाल दिसायची. न कापता माणसाच्या आतलं दिसतं, हे पाहून महाराज थक्क झाले. सगळ्यांचेच हात लाल दिसत आणि वैद्यराज सगळ्यांना उष्णतेचंच चूर्ण देत, ही गोष्ट वेगळी.

महाराजांनी नुकतीच शिक्कामोर्तब करून सनद दिली होती. मजकूर वैद्यराजांनी स्वतःच सांगितला होता. कोणतीही बंद वस्तू न फोडता, दिवा, ऊन, पाणी अथवा पुढे सुचेल त्या उपायाने तिच्या आतली स्थिती ओळखणे, ही युक्ती या राज्यात पूर्वी कोणी केलेली नसल्याने, ती तुळाजीरावांवाचून कोणी करू नये. केल्यास मालमत्ता जप्त आणि राज्यातून हद्दपारी.

धुरपदाची मालमत्ता म्हणजे बेचाळीस कोंबड्या. नवरा गेल्यावर त्यांनीच तिला जगवलं होतं.

दरबारात तिनं हात जोडून सांगितलं, की ही युक्ती जुनीच आहे, घरोघर चालते. पण शिक्का मारलेला शब्द मागे घेणं महाराजांच्या घराण्यात नव्हतं. जुनी असेल तर साक्षीदार आण, ते म्हणाले. तेवढ्यात वैद्यराज त्यांच्या कानाशी लागले, आणि महाराजांना आणखी काही अटी आठवल्या. साक्षीदार तिच्या नात्यातला नसावा. कोंबड्या पाळणारा नसावा. पैशानं फुटणारा नसावा, आणि कुणाला भिणाराही नसावा. मुदत आठ दिवस.

आता अंड्यात डोकावायची सवय कोंबड्या पाळणाऱ्यांखेरीज कुणाला असणार? वैद्यराज मिशीतल्या मिशीत हसले.

धुरपदानं एवढंच विचारलं, की या आठ दिवसांत राजवाड्यावर अंडी पोचवायची का? रोजच्यासारखीच पोचव, पण सनद मोडायची नाही, असं उत्तर मिळालं.

घरी येऊन ती खुराड्यापाशी बसली आणि पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसून उठली आणि अंडी गोळा करायला लागली. कुडाच्या सांदीतली, गंजीखालची, खुडूक कोंबडीच्या पोटाखालची, सापडतील तेवढी सगळी. एकाही अंड्याकडे तिनं निरखून पाहिलं नाही. सनदेचं इतकं काटेकोर पालन त्या राज्यात दुसऱ्या कुणी केलं नसेल. दिवस चैत्राचे होते, ऊन मी म्हणत होतं.

महाराजांना अर्धवट उकडलेलं अंडं स्वतःच्या हातानं फोडून खायची हौस होती. तिसऱ्या दिवशी ते न्याहारी टाकून उठले. पाचव्या दिवशी पुन्हा उठले. आठव्या दिवशी दरबारात आले ते नाकाला रुमाल लावूनच.

"साक्षीदार आणलास?" त्यांनी रुमालाआडून विचारलं.

"आणायला कशाला पायजे, महाराज? त्यो कवाचा येऊन बसलाय," धुरपदा म्हणाली. "माझ्या नात्यातला न्हाई. कोंबड्या पाळत न्हाई, नुसती अंडी खातो. त्याला पैशानं फोडंल असा कुणी जन्मला न्हाई, आन त्यो भिणार तरी कुणाला?"

सगळा दरबार आपापल्या पायांकडे बघू लागला. महाराजांना समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे मी?"

"व्हय, महाराज. अकरा वर्सं तुमी माझी अंडी खाताय. या आठ दिसांच्या आधी एक तरी नासकं निघालं?"

महाराजांनी आठवून पाहिलं. एकही निघालं नव्हतं.

"अकरा वर्सं म्या आत बघून देत हुते. आठ दीस न बघता दिली. तुमचा हुकूमच हुता."

वैद्यराज घाईघाईनं पुढे आले. ही बाई उन्हातच पाहत होती कशावरून? पाण्यात टाकून बघत असेल, कानाशी हलवून बघत असेल.

"तसं म्हना," धुरपदा शांतपणे म्हणाली. "पर सनदेत तुमी समदंच घातलंय की. ऊन, पानी, आन पुढं सुचंल त्ये."

कारकुनानं सनद पुन्हा वाचून दाखवली. 'पूर्वी कोणी केलेली नसल्याने' या शब्दांशी त्याचा आवाज जरा अडखळला. हा निव्वळ योगायोग आहे, असं वैद्यराज पुटपुटले. महाराजांनी त्या दिवशीचं उकडायचं राहिलेलं अंडं मागवलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"योगायोग असेल, तर हे चांगलंही निघेल. घ्या, प्या फोडून."

वैद्यराजांनी अंडं घेतलं आणि काही कळायच्या आत मूठ खिडकीच्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.

"बघा, बघा," धुरपदा म्हणाली. "तुमाला परवानगी हाय."

महाराजांना असं हसू फुटलं, की रुमाल कुठे पडला ते त्यांनाही कळलं नाही. सनद आपल्याच शब्दांनी रद्द झाली आहे, आपल्याला काहीच मागे घ्यावं लागलेलं नाही, असं त्यांनी समाधानानं जाहीर केलं. मग ते म्हणाले, की आता नवी सनद धुरपदाच्याच नावे करू.

"मला नगं, महाराज. माझ्याआधी माझी आजी बघत हुती," ती म्हणाली. "पेटी तेवढी वैद्यराजांची. तशी आधी कुणी केली न्हाई, तिची सनद त्येंना ऱ्हाऊ द्या. आन मला बक्षीसच द्यायचं आसंल, तर तसली एक पेटी द्या. पावसाळ्यात कौलातनं ऊन येत न्हाई."

महाराज पुन्हा पोट धरून हसले. वैद्यराजांनी स्वतःच्या हातानं पेटी आणून तिच्यापुढे ठेवली, वर महाराजांकडून जरीकाठी लुगडं मिळालं. पेटी डोक्यावर घेऊन ती निघाली, तेव्हा महाराजांनी सिंहासनावरून अर्धवट उठून तिला हाक मारली.

"धुरपदा, उद्याची अंडी मात्र बघून आण!"