टिकलीचं कार्ड बोरीत अडकलं

एक होती गोगलगाय. तिचं नाव टिकली.
ती राहायची अंगणात, तुळशीखाली.

टिकलीने एक पुस्तक लिहिलं. कर्दळीच्या पानांवर, चमचम रेघेने.
पुस्तक छान झालं. पण वाचेना कुणी. टिकली लिहिते, हेच कुणाला माहीत नव्हतं.

मग टिकलीने कार्ड करायचं ठरवलं. आपण कोण, काय करतो, कुठे राहतो, ते कार्डावर लिहितात. कार्ड दिलं की ओळख होते.
तुळशीचं पान उगाच तोडू नये. म्हणून टिकली वाट बघत बसली.
एक पान पडलं. टप्!
एकच पडलं.
टिकलीने त्यावर लिहिलं,
"मी टिकली. गोष्टी लिहिते. तुळशीखाली राहते."

त्या दिवशी चिमणीकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. सगळ्या जणी येणार होत्या. टिकली कार्ड घेऊन निघाली.
सरक सरक सरक.

तेवढ्यात वारा आला. सूं सूं सूं!
कार्ड उडालं. भुर्र!
आणि बोरीच्या काट्यात अडकलं.

टिकली गेली बोरीकडे. सरक सरक सरक.
"बोरीबाई, बोरीबाई!
वाऱ्याने नेलं कार्ड.
कार्ड माझं दे ना!"
बोरी म्हणाली, "तू कोण गं?"
"मी टिकली. गोष्टी लिहिते. तुळशीखाली राहते."
"असशील बाई. पण ऊन बघ केवढं! घसा सुकलाय माझा. झारी पाणी घालेल, तर कार्ड देईन."

टिकली गेली झारीकडे. सरक सरक सरक.
"झारीताई, झारीताई!
वाऱ्याने नेलं कार्ड.
बोरी देईना कार्ड.
बोरीला पाणी घाल ना!"
झारी म्हणाली, "तू कोण गं?"
"मी टिकली. गोष्टी लिहिते. तुळशीखाली राहते."
"बरं बरं. पण मी रिकामी. वाजवून बघ, ठण् ठण्! हौद धार सोडेल, तर पाणी घालीन."

टिकली गेली हौदाकडे. सरक सरक सरक.
"हौददादा, हौददादा!
वाऱ्याने नेलं कार्ड.
बोरी देईना कार्ड.
झारी घालीना पाणी.
तेवढी धार सोड ना!"
हौद म्हणाला, "तू कोण गं?"
"मी टिकली. गोष्टी लिहिते. तुळशीखाली राहते."
"पोट भरलंय माझं. पण तोंडात हा बोळा! आई बोळा काढेल, तर धार सोडीन."

टिकली गेली आईकडे. सरक सरक सरक.
ओटीवर आई फेऱ्या मारत होती. कडेवर मुकुंदा. मुकुंदा रडत होता. ऍं ऍं ऍं!
"आई गं, आई गं!
वाऱ्याने नेलं कार्ड.
बोरी देईना कार्ड.
झारी घालीना पाणी.
हौद सोडीना धार.
तेवढा बोळा काढ ना!"
आई म्हणाली, "अगं बाई! तू कोण गं?"
"मी टिकली. गोष्टी लिहिते. तुळशीखाली राहते."
"मला हात दोनच, बाळा. दोन्हींत हा मुकुंदा. सकाळपासून नुसतं भोकाड! हा रडू थांबवेल, तर बोळा काढीन."

टिकली गेली मुकुंदाकडे. पदरावर चढली. सरक सरक सरक.
"मुकुंदा रे, मुकुंदा रे!
वाऱ्याने नेलं कार्ड.
बोरी देईना कार्ड.
झारी घालीना पाणी.
हौद सोडीना धार.
आई काढीना बोळा.
तेवढं रडू थांबव ना!"
मुकुंदाने काही विचारलं नाही. म्हणाला,
"ऍं ऍं! गोत्त! गोत्त!"

गोष्ट?
गोष्ट तर टिकलीकडे होतीच.

टिकली सांगू लागली,
"एक होता लाडू. गोल गोल लाडू.
देव म्हणाले, बस पाटावर.
लाडू बसला. गडगड गडगड! पडला.
पुन्हा बसला. गडगड गडगड! पुन्हा पडला.
देव म्हणाले, अरे, असा कसा तू?
लाडू म्हणाला, देवा, मला मांडीच नाही!
देव हसले. त्यांनी आणली वाटी.
लाडू वाटीत बसला. गप्प बसला."

मुकुंदा हसला. खुदकन!

मुकुंदाने थांबवलं रडू.
आईने काढला बोळा.
हौदाने सोडली धार. खळखळ खळखळ.
झारी भरली. बुडबुड बुडबुड.
झारीने घातलं पाणी.
बोरी प्याली. गटगट गटगट.
बोरीने हलवली फांदी. सळसळ!
कार्ड पडलं खाली.
कार्डाला एक भोक पडलं होतं. अक्षरं मात्र शाबूत होती.

टिकली हळदीकुंकवाला पोचली. सगळ्यांत शेवटी.
चिमणीने हळद लावली. कुंकू लावलं. भिजवलेला हरभरा दिला.
टिकलीने कार्ड दिलं.
चिमणीने वाचलं, "मी टिकली. गोष्टी लिहिते. तुळशीखाली राहते."
कार्ड साळुंकीकडे गेलं. साळुंकीकडून खारीकडे गेलं. खारीकडून कोंबडीकडे गेलं.

साळुंकी म्हणाली, "अय्या! मघाशी ओटीवर लाडवाची गोष्ट चालली होती. ती तुझी?"
"हो. माझ्या पुस्तकातली."
"आणखी आहेत?"
"आहेत ना. लाजऱ्या भेंडीची आहे. रुसलेल्या घंटेची आहे."
कोंबडी म्हणाली, "मग इथे बसून काय करायचं? चला की!"

सगळ्या निघाल्या. तुळशीपाशी आल्या.
चिमणीने पान उलटलं. साळुंकी वाचू लागली.
खार म्हणाली, "हळू वाच गं, मला चित्रं बघू दे."
कोंबडी म्हणाली, "पुढे काय झालं? पुढे काय झालं?"
टिकली बाजूला बसली. हरभरा खात ऐकत राहिली.

टिकलीच्या पुस्तकाला वाचणाऱ्या मिळाल्या. मनापासून लिहिणाऱ्या सगळ्यांना तशाच मिळोत.
ऐकणाऱ्या बाळाला गाढ झोप लागो.