सड्यावरचे अर्धे रिंगण

आंबेखोलची दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, आले की वाघजाईच्या देवळाआधी एक रिंगण लागते. जांभ्या दगडात पावलांनी झिजून झालेली ती गोल वाट आहे. पाखाडीची शेवटची पायरी या रिंगणाला मधोमध कापून वर येते. उजव्या हाताचे, डोंगराकडचे अर्धे अंग घोट्याएवढे खोल आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साठते आणि बेडूक बसतात. डाव्या हाताचे, खाडीकडचे अंग मात्र जेमतेम नखभर झिजलेले आहे. तिथे नीट पाहिल्याशिवाय काही दिसतच नाही.

पाहुणे विचारतात, हे काम कुणी अर्धे टाकले? मग देवळाचे जानू गुरव पाण्याची घागर कट्ट्यावर ठेवतात आणि आधी उथळ बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तिथून हलायला सांगतात. मग बसतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. खाडीच्या मुखाशी एक परदेशी गलबत फुटले आणि त्यातून एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला. तो चीन देशाचा होता. हान त्याचे नाव. तिकडे तो युद्धविद्येचा मोठा गुरू होता, पण हे गावाला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा गावाने एवढेच पाहिले की माणूस उपाशी आहे आणि त्याला आपली भाषा येत नाही.

दौलू घाग नावाच्या माणसाने त्याला घरी नेले. दौलू काथ्याचे दोर वळायचा आणि गावच्या तालमीचा वस्तादही तोच होता. दोर वळायला माणसे दोन लागतात. एका टोकाला एक जण पीळ भरतो, दुसऱ्या टोकाला दुसरा ताण धरून बसतो. पीळ वाढला की दोर आखडतो, तेव्हा ताण धरणाऱ्याने हळूच पुढे सरकायचे. घाई केली तर दोर ढिला पडतो, उशीर केला तर तुटतो. हानला हे शिकवावे लागले नाही. पहिल्याच दिवशी त्याने टोक हातात घेतले आणि दौलू बायकोला म्हणाला, "भागे, ह्याच्या हाताला कान हायत गं!"

दिवस असा जायचा. पहाट मात्र हानची स्वतःची होती. उजाडता उजाडता तो सड्यावर जाई आणि अर्ध्या रिंगणात फिरत हात चालवी. समोर कुणी नसे. कुणी मारल्यासारखे तो अंग चुकवी, कुणी ढकलल्यासारखे वळे, कुणी धरल्यासारखे मनगट सोडवून घेई, आणि रिंगणाच्या मध्यावर आला की थांबून मागे फिरे. शेवटी मूठ दुसऱ्या तळहातावर ठेवून तो समोरच्या रिकाम्या जागेला नमस्कार करी. त्या जागेच्या पलीकडे कडा, कड्याखाली खाडी आणि पुढे समुद्र. नजर तिथेच बराच वेळ असायची.

शेण गोळा करायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावत. "बघ गो, एकलाच फुगडी घालतोय!"

त्यामागचे कारण असे सांगतात. हानच्या गुरूने एकच विद्या दोन शिष्यांना वाटून दिली होती. थोरला फेंग, त्याला वार करण्याचा अर्धा भाग. धाकटा हान, त्याला उत्तर देण्याचा. एकाने सुरू करायचे, दुसऱ्याने पुरे करायचे. दोघांनाही पुरी विद्या येऊ नये, म्हणजे एकमेकांना सोडून ते जाणार नाहीत, असा गुरूचा हिशेब होता. पुढे राजाच्या सैन्याने गुरूचा आश्रम जाळला. पळताना एका बंदरात दोघांची ताटातूट झाली. गलबत सुटण्याआधी फेंगने धक्क्यावरून ओरडून सांगितले, "जिथं असशील तिथं रोज पहाटे उभा राहा. माझी जागा मोकळी ठेव. मी येईन." हानने शपथ घेतली होती.

वर्षे गेली. हान गावाची भाषा मोडकीतोडकी बोलू लागला, पण हे तो कुणाला बोलला नाही. तो रोज वर असतोच म्हणून गावाने त्याच्याकडे एक शिंग दिले. चाच्यांचे दिवस होते. अनोळखी शीड दिसले की शिंग फुंकायचे, म्हणजे बायकापोरे रानात निघून जातील.

आंबेखोलच्या तालमीचा एक रिवाज होता. एकट्याने मेहनत करणाऱ्या माणसाला एकटे राहू द्यायचे नाही. कुणी एकटाच दिसला तर दुसऱ्याने आपणहून समोर जाऊन उभे राहायचे, मग तो वैरी का असेना. दौलूला हे फार दिवस डाचत होते. आपल्या घरचा माणूस रोज एकटा घाम गाळतो आणि आपण वस्ताद असून खाली बसतो! एका शिमग्याच्या सकाळी तो अंगाला माती लावून वर गेला, शड्डू ठोकला आणि हानच्या समोर, खाडीकडच्या जागेत उभा राहिला. चेहरा हसरा होता.

हान जागच्या जागी थांबला. त्याचे हात खाली आले. त्याने दौलूला खांद्याला धरून त्या जागेवरून बाजूला केले, आणि वाकून आपल्या पंच्याने तिथली माती पुसून काढली.

पुसायला नको होती, असे जानू गुरव दर वेळी म्हणतात.

तालमीची माती कुस्तीगीर कपाळाला लावतो. दौलूचे तोंड उतरले. "आमची माती बाटवते व्हय रे तुला? दहा दारं सोडून माझ्याच दारात जेवलास तेव्हा नाय बाटलास?" हानला उत्तर द्यायचे होते. पण फेंग, तो धक्का, ती शपथ हे सगळे सांगायला त्याच्याकडे शब्द तोकडे होते, आणि शब्द जुळेपर्यंत दौलू पाखाडी उतरून गेला होता.

त्या दिवसापासून दौलूने अंगणात एक खुंटी ठोकली. दोराचे दुसरे टोक तो खुंटीला बांधू लागला. खुंटीला पुढे सरकता येत नाही, म्हणून दोर वाईट होत, कधी तुटत. भागी बोलून दमली. हानने खाडीकाठी झोपडी बांधली. तोही आपल्या दारात खुंटी ठोकून दोर वळू लागला. एका वाडीत दोन खुंट्या, दोन माणसे, आणि बोलणे नाही. पहाटे हान वर जाई. पाखाडीच्या खालच्या वळणावर दौलू बसलेला असे आणि वर बघत राही. हानला ते ठाऊक होते. त्याने कधी खाली पाहिले नाही.

अशी कैक वर्षे गेली. मग एका पहाटे शीड दिसले.

ते आपल्याकडचे नव्हते. हानने आडव्या काड्यांची तसली शिडे लहानपणी पाहिली होती. त्याचा ऊर भरून आला. शिंग कमरेला होते, त्यावर हातही गेला. फुंकले असते तर गाव कोयते घेऊन धावले असते, आणि इतक्या वर्षांनी आलेल्या फेंगच्या स्वागताला कोयते! त्याने शिंग खाली ठेवले. पंचा झटकून नीट बांधला, केसांवरून हात फिरवला, आणि शीड खाडीत शिरेपर्यंत तो नमस्कार करून उभा राहिला.

गलबत चाच्यांचे होते. शीड कुठूनतरी लुटून आणलेले. किंकाळी ऐकू आली तेव्हा खालची वाडी पेटली होती.

आता शिंग फुंकून काय उपयोग? लोक मिळेल ते पोर कडेवर घेऊन पाखाडीने वर पळत आले आणि देवळात शिरले. मागून चाचे आले. हान आपल्या अर्ध्या रिंगणात उभा राहिला. पहिल्याने तलवार उगारली, तो त्याच वेगाने कड्यावरून खाली गेला. दुसरा आला, तिसरा आला. हान कुणाला मारत नव्हता. त्यांचाच जोर वळवून त्यांच्याच अंगावर घालत होता. पण त्यांचा नायक हुशार होता. त्याने थोडा वेळ पाहिले आणि हात वर केला. "थांबा रे. हा आपणहून मारत नाही. हात लावू नका, नुसते घेरा."

ते थांबले. आणि हानला काही करता येईना. सुरुवात करणारा हात त्याला कधी शिकवलाच नव्हता. चाचे हसत हसत त्याला वळसा घालून देवळाकडे निघाले.

तेवढ्यात खाडीकडच्या जागेत कुणीतरी शड्डू ठोकला.

दौलू होता. त्याने पहिला हात टाकला आणि हानच्या अंगावर काटा आला. तो फेंगचा हात होता. दुसराही, तिसराही. इतकी वर्षे खालच्या वळणावर बसून दौलूने हानचे उत्तर पाहिले होते, आणि वस्तादाच्या डोळ्याने त्यावरून प्रश्न ओळखला होता. न दिसणाऱ्या माणसाचा डाव त्याने एकेक करून पाठ केला होता, आणि ती जागा त्याच माणसासाठी मोकळी ठेवली आहे हेही त्याला उमगले होते. तो ज्याला मारी तो चाचा रिंगणातून हानकडे कोलमडे. हान ज्याला वळवी तो कड्याखाली जाई. म्हणतात, त्या सकाळी विद्या पुरी झाली. उरलेले चाचे पाखाडीने पळाले.

जाता जाता नायकाने फेकलेला भाला दौलूच्या बरगडीत बसला होता.

हानने त्याला मांडीवर घेतले. दौलू म्हणाला, "तुजा माणूस आला तर सांग त्याला. जागा घेतली नाय मी. राखली फक्त." आणि थोड्या वेळाने, "आता पुसू नको रे." त्या जागेवर त्याच्या पायांची माती होती. हानने ती पुसली नाही.

संध्याकाळी गाव जमले तेव्हा हानने शिंग सगळ्यांसमोर ठेवले आणि आपण ते का फुंकले नाही हे मोडक्या शब्दांत सांगितले. लोक उठून जळलेल्या वाडीकडे निघून गेले. कुणी त्याला मारले असते तर त्याला बरे वाटले असते म्हणे.

दौलूचे दिवस झाल्यावर हान आपल्या दारात दोर वळायला बसला. टोक खुंटीला बांधले. भागी आली. तिने टोक सोडले, खुंटी हलवून हलवून उपटली आणि खाडीत भिरकावली. मग टोक हातात घेऊन समोर बसली.

"माफ केलं असं समजू नको," ती म्हणाली. "वळ."

दोघे म्हातारे होईपर्यंत रोज दोर वळत राहिले. बोलणे फारसे झाले नाही. पण दोर मात्र पुन्हा चांगले होऊ लागले. हान शेवटपर्यंत पहाटे वर जात राहिला. फेंग आला नाही. पण लोकांच्या ध्यानात आले होते की आता त्याची नजर समुद्रावर जात नाही. ती समोरच्या जागेवरच थांबते.

आजही आंबेखोलच्या तालमीत नवा गडी उतरायचा झाला की आधी तो वर येतो, खाडीकडच्या बाजूने एकदाच चालतो आणि समोरच्या खोल, रिकाम्या अर्ध्याला नमस्कार करतो. ती बाजू नखभर झिजली आहे ती अशी. आणि आजही या गावात दोर खुंटीला बांधून कुणी वळत नाही. जोडीचा माणूस आला नाही, तर दुसरा टोक हातात धरून दारात बसून राहतो.